फळीची वाट पाहणारी माणसं: पॅरिस ऑलिंपिकमधलं स्प्रिंगबोर्ड डायव्हिंग

५ ऑगस्ट २०२४, सोमवार

ऑलिंपिक बघायला पॅरिसला चाललोय म्हटलं की समोरचा लगेच विचारायचा, "म्हणजे नीरजचा भाला प्रत्यक्ष बघणार?" आमच्याकडे तिकिटं होती पुरुषांच्या तीन मीटर स्प्रिंगबोर्ड डायव्हिंगची, म्हणजे तीन मीटर उंचीवरच्या लवचीक फळीवरून पाण्यात मारायच्या उड्यांची. प्राथमिक फेरी, उपांत्य फेरी आणि अंतिम फेरी, तिन्हीची. हे ऐकल्यावर समोरच्याचा चेहरा थोडा कोरा व्हायचा. त्या स्पर्धेत एकही भारतीय नाही, मग एवढ्या लांब जाऊन बघायचं काय?

मला विचाराल तर बघण्यासारखं तेच होतं. माझा भाचा सोलापुरात डायव्हिंग शिकतो. ज्या गावात मुलं विहिरीच्या काठावरून मुटका आणि सूर मारत मोठी होतात, तिथून राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचलेल्या डायव्हरांची एक परंपराच आहे. तरुणपणी मीही फळीवर उभा राहिलेलो आहे. या खेळातल्या उत्तम माणसांना आम्ही कायम छोट्या पडद्यावरच पाहिलं होतं आणि पडद्यावर नेमकी महत्त्वाची गोष्टच दिसत नाही. कॅमेरा खेळाडूच्या मागे धावतो, फळी चौकटीबाहेर राहते. आम्हाला फळी बघायची होती.

निघण्याआधी, २ ऑगस्टला, जोडीच्या स्प्रिंगबोर्डची अंतिम फेरी घरी फोनवर पाहिली होती. चीनचे वांग झोंगयुआन आणि लोंग दाओयी ४४६.१० गुणांवर पहिले, मेक्सिकोचे हुआन सेलाया आणि ओस्मार ओल्वेरा ४४४.०३ वर दुसरे. सहा उड्यांनंतर फरक किती, तर २.०७ गुणांचा! ब्रिटनच्या जॅक लॉअर आणि अँथनी हार्डिंग यांना कांस्य. तेव्हापासून भाच्याच्या तोंडी ओल्वेराचं नाव होतं. वीस वर्षांचा मेक्सिकन मुलगा चिन्यांच्या इतक्या जवळ जातो, हे त्याला फार लागून राहिलं होतं.

मुक्काम ला शापेल भागात, गार दु नोर स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. ही श्रीलंकेतून आलेल्या तमिळ लोकांची वस्ती. साडीची दुकानं, सोन्याची दुकानं, भाजीवाल्याकडे कढीपत्ता आणि शेवग्याच्या शेंगा. संध्याकाळी डोसा खाल्ला. ऑलिंपिकपुरतं मेट्रोचं एकेरी तिकीट ४ युरो केलेलं होतं, एरवी ते तेव्हा २.१५ युरोला असायचं. त्यामुळे पहिल्या संध्याकाळी पायीच हिंडलो. तुईलरी बागेवर तरंगणारी फुग्याची ऑलिंपिक ज्योत अंधार पडल्यावर वर चढली, तेवढी पाहिली आणि परतलो.

६ ऑगस्ट, मंगळवार

प्राथमिक फेरी सकाळी दहाला. तलाव पॅरिसच्या उत्तरेला, सँ-दनीत, स्टाद द फ्रान्सच्या अगदी समोर. स्टेडियम आणि तलाव यांच्यामधून ए-१ हा मोटाररस्ता जातो आणि त्यावरून पादचारी पूल टाकला आहे. गुलाबी फलकांच्या मागे चालत राहिलं की चुकायला वाव नाही.

या ऑलिंपिकसाठी पॅरिसने नवी बांधकामं मुद्दाम कमी केली. कायमची म्हणून जी मोजकी उभारली, त्यांतली ही एक. बाहेरून छत मधे खोल गेलेलं दिसतं, झोळीसारखं. आत गेल्यावर कळतं की ते सगळं लाकडावर तोललेलं आहे. छताचा मधला भाग मुद्दाम खाली आणलाय, म्हणजे आतली हवा कमी आणि ती तापवायचा खर्चही कमी. वर सौर पट्ट्या, खाली प्लॅस्टिकचा कचरा वितळवून केलेल्या खुर्च्या. पाच हजार प्रेक्षक बसतात. पोहण्याच्या शर्यती इथे नव्हत्या, त्या ला देफाँसला झाल्या. इथे डायव्हिंग, कलात्मक जलतरण आणि वॉटर पोलोचे सुरुवातीचे सामने. खेळ संपले की ही जागा सँ-दनीच्या लोकांची होणार. त्या भागात पोहता न येणारी मुलं खूप, त्यांच्यासाठी ती बांधलीय. हे मला फार आवडलं.

आम्ही वेळेच्या बऱ्याच आधी जाऊन बसलो, कारण खरी शाळा सरावाच्या वेळात भरते. स्पर्धेत खेळाडू एकेक करून येतात. सरावात सगळे एकदमच असतात आणि आपल्या सवयी उघड करतात.

भाच्याने पहिल्यांदा दाखवलं ते चाक. स्प्रिंगबोर्ड म्हणजे सोळा फूट लांब, अर्धा मीटर रुंद अशी ॲल्युमिनियमची फळी. मागचं टोक पक्कं बांधलेलं, मधे एक आडवा टेकू. हा टेकू पुढेमागे सरकतो, आणि तो सरकवण्यासाठी बाजूला एक मोठं दातेरी चाक असतं. खेळाडू ते पायाने फिरवतो. टेकू मागे घेतला की फळी जास्त वाकते, संथ होते आणि अधिक उंच फेकते. पुढे घेतला की ताठर आणि चपळ होते. उडीगणिक, माणसागणिक जागा वेगळी. प्रत्येक जण येऊन आधी पायाने चाक फिरवत होता. कुणी दोन दाते मागे, कुणी एक दाता पुढे. आपल्या जागेवर आल्याशिवाय कुणी पुढे पाऊलच टाकत नव्हता.

"मामा, आमच्याकडचं चाक फिरतच नाही," भाचा म्हणाला. "ते एकाच जागी अडकलंय. सगळे त्याच फळीवर, छोटी पोरंही आणि मोठीही."

हे मला माहीत होतं. पण इथे बसून ऐकताना जास्त बोचलं.

आज जगभर स्पर्धेत वापरली जाणारी ही फळी अमेरिकेत नेवाडा राज्यात बनते. रे रूड नावाच्या विमान उद्योगातल्या अभियंत्याने विमानाच्या पंखाचा पत्रा वापरून तिचा पहिला नमुना केला. त्याआधी बहुतेक फळ्या लाकडी होत्या. ऑलिंपिकमध्ये स्प्रिंगबोर्ड १९०८ साली लंडनला आला. तेव्हाच्या उड्या आज पोरं पहिल्या वर्षी शिकतात. फळी बदलली तसा खेळ बदलला. आज साडेचार कोलांट्या मारून माणूस पाण्यात सरळ शिरतो, तो या पंखाच्या पत्र्याच्या जोरावर.

आता गुणांविषयी, कारण शेजारी बसलेल्या एका गुजराती कुटुंबालाही आम्ही हेच समजावून सांगत होतो. प्रत्येक उडीला क्रमांक असतो. पहिला आकडा दिशा सांगतो: एक म्हणजे पुढे, दोन म्हणजे मागे, तीन म्हणजे तोंड पाण्याकडे ठेवून उलटं फळीकडे फिरणं, चार म्हणजे पाठ पाण्याकडे ठेवून आत फिरणं, पाच म्हणजे गिरक्या. तिसरा आकडा अर्ध्या कोलांट्यांचा. म्हणजे १०९ सी: पुढच्या दिशेने नऊ अर्ध्या, म्हणजे साडेचार कोलांट्या, अंग गोळा करून. तिची काठिण्यपातळी ३.८. सात पंच दहापैकी गुण देतात. वरचे दोन आणि खालचे दोन काढून टाकतात, उरलेल्या तिघांची बेरीज काठिण्याने गुणतात. मधल्या तिघांनी नऊ-नऊ दिले तर सत्तावीस गुणिले ३.८, म्हणजे १०२.६०. शंभर ओलांडले की सभागृहात आवाज उठतो. पण तीच उडी जरा तिरकी शिरली आणि पंचांनी पाच-पाच दिले, तर ५७. अवघड उडी म्हणजे दुधारी सुरी, आणि पुरुषांना सहाच्या सहा उड्यांत काठिण्याची वरची मर्यादाच नाही.

पंचविसेक खेळाडू, प्रत्येकाच्या सहा उड्या. त्यांतले अठरा पुढे जाणार. माझं लक्ष मोठ्या नावांइतकंच इतरांकडेही होतं. जमैकाचा योना नाइट-विझ्डम, इंग्लंडमधल्या लीड्सला वाढलेला. रिओला गेला तेव्हा ऑलिंपिकमध्ये उतरलेला जमैकाचा पहिला पुरुष डायव्हर ठरला होता. डायव्हरच्या मानाने चांगलाच उंच. कोलांटीत एवढं मोठं अंग आवळून घेणं किती कठीण, हे ज्याने एकदा तरी केलंय त्यालाच समजेल. इटलीचे मार्साल्या आणि तोच्ची, जर्मनीचा मोरिट्झ वेझेमान, कोरियाचा वू हा-राम. फ्रान्सचा ज्यूल बुईये फळीवर आला की लाकडी छत हादरत होतं. पण त्याने हात वर केले की पाच हजार माणसं क्षणात गप्प. ही शिस्त कुणी शिकवली नव्हती.

आणि चिनी. शिए सीयी, २८ वर्षांचा, टोकियोचा विजेता. दहा मीटर उंचीच्या, न वाकणाऱ्या प्लॅटफॉर्मवर उड्या मारत वाढलेला. पायाच्या गंभीर दुखापतीनंतर तो इकडे, स्प्रिंगबोर्डकडे वळला. आणि २२ वर्षांचा वांग झोंगयुआन. टोकियोत या दोघांनी मिळून जोडीचं सुवर्ण घेतलं होतं. एकेरीत शिए पहिला, वांग दुसरा. त्यानंतर २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षी तीन मीटरचा जगज्जेता मात्र वांग. दोघंही एकाच कोपऱ्यात बसून असायचे, खांद्यावर तो छोटा रंगीत शामॉय रुमाल. त्याने अंग कोरडं करावंच लागतं. पाय ओले राहिले तर आवळून धरताना हात निसटतो.

मला त्यांच्यात दिसलं ते हे. बाकीचे चालत येतात, शेवटच्या पावलावर उसळी घेतात, फळीच्या टोकावर उतरतात आणि उडतात. या दोघांचं सगळं तसंच, पण टोकावर उतरल्यावर एक थांबणं असतं. फळी खाली जाते, ते तिच्याबरोबर खाली जातात आणि ती वर यायला लागेपर्यंत काहीच करत नाहीत. झोका देताना जसं तो परत येऊन क्षणभर थांबेपर्यंत हात लावायचा नसतो, तसं. घाईने आधीच पाय ताणले की फळीची अर्धी ताकद वाया जाते, आणि माणूस उंच जाण्याऐवजी लांब जातो. हे थांबणं सेकंदाच्या फार छोट्या भागाचं. टीव्हीवर मला ते कधीच दिसलं नव्हतं. इथे प्रत्येक उडीला दिसत होतं. त्याचा आवाजही वेगळा: बहुतेकांच्या फळीचा खडखडाट होतो, शिएच्या वेळी टेकूवरून एकच जाड ठोका यायचा.

दुपारी तीनला महिलांची दहा मीटर प्लॅटफॉर्मची अंतिम फेरी, तिचीही तिकिटं होती. छुआन होंगचानच्या पहिल्याच उडीला सातही पंचांनी दहा दिले. तिने ४२५.६० गुणांनी टोकियोचं सुवर्ण राखलं, चेन युशी ४२०.७० वर दुसरी. शब्द कमी पडावेत असं ते होतं. तरी मन माझं फळीकडेच ओढतं. प्लॅटफॉर्म काँक्रीटचा. तो उलट काही बोलत नाही, तिथे जे करायचं ते एकट्याने. स्प्रिंगबोर्डवर जोडीदार असतो.

रात्री नीरजने पात्रता फेरीत पहिल्याच फेकीत ८९.३४ मीटर टाकल्याचं आणि विनेश फोगाट अंतिम फेरीत पोचल्याचं कळलं. ला शापेलच्या हॉटेलात सगळेच आनंदात होते. मालकाने आम्हाला पायसम दिलं, पैसे घेतले नाहीत.

७ ऑगस्ट, बुधवार

सकाळी गाडीत असतानाच फोन वाजायला लागले. विनेशचं वजन १०० ग्रॅम जास्त भरलं, ती अपात्र. समोरच्या बाकावर तिरंगा खांद्यावर घेतलेल्या दोन मुली होत्या. त्यांतली एक रडायला लागली. भाचा काही बोलला नाही. तलावापर्यंत आम्ही गप्पच चाललो.

उपांत्य फेरी पाहण्याच्या मनःस्थितीत आम्ही नव्हतो, पण बसलो. ऑलिंपिकमधली ही फेरी सगळ्यांत निर्दय. काल मिळवलेले गुण पुसले जातात, अठरा जण शून्यावर येतात, सहा उड्या, आणि बारा उरतात. पदक कुणालाच मिळत नाही. इथे हरलेल्याची उडी दुसऱ्या दिवशी कुठल्याही वर्तमानपत्रात येत नाही. सहा माणसं चार वर्षांची तयारी पिशवीत भरून निघून गेली, आणि पाण्यावर बारीक फवारे तसेच उडत राहिले. (हे फवारे मुद्दाम असतात. तलावाचं पाणी एवढं नितळ की वरून पृष्ठभाग कळतच नाही. फवाऱ्यांमुळे ते हलतं आणि फिरताना डोळ्यांना दिसतं.)

फळीवर चालत येऊन थांबणं हा गुन्हा असतो, हेही इथेच भाच्याने शेजाऱ्यांना सांगितलं. उडीला सुरुवात करून अडखळलात, परत मागे गेलात, तर प्रत्येक पंचाच्या गुणांतून दोन गुण जातात. म्हणून ते पहिलं पाऊल टाकण्याआधीचा वेळ एवढा जड असतो. कुणी ओठ हलवतो, कुणी बोटांनी हवेत उडी काढून बघतो. जॅक लॉअरला मी नीट पाहिलं. २९ वर्षांचा, रिओला ख्रिस मिअर्सबरोबर जोडीचं सुवर्ण घेतलं, ते ब्रिटनचं डायव्हिंगमधलं पहिलंच ऑलिंपिक सुवर्ण. त्याच स्पर्धेत एकेरीत रौप्य, टोकियोत कांस्य. एवढ्या अनुभवाचा माणूसही प्रत्येक उडीआधी मान झटकून नव्यानेच सुरुवात करत होता.

भाच्याने इथे मला लुगानिसची आठवण करून दिली. १९८८, सोल. प्राथमिक फेरीत उलट फिरताना अमेरिकेच्या ग्रेग लुगानिसचं डोकं फळीवर आपटलं. टाके घालून तो परत आला आणि तीन मीटर व दहा मीटर दोन्ही सुवर्णं जिंकला. त्या उडीचं भाच्याला भय वाटतं आणि ते मला ठाऊक आहे. तिसऱ्या गटातल्या उड्यांत माणूस पुढे झेपावतो आणि डोकं मागे, फळीकडे टाकतो. सरावात भाचा नेमका त्याच गटात फळीपासून फार लांब पडतो. आज त्याने ओल्वेराच्या त्या गटातल्या उडीला खुर्चीच्या कडेवर येऊन पाहिलं. "तो लांब जातच नाही," तो पुटपुटला. "सरळ वर जातो." वर गेलं की वेळ मिळतो, वेळ मिळाला की फळी खाली राहते. भीतीवरचं उत्तर लांब पळणं नसून उंच जाणं आहे, हे मी त्याला कितीदा तरी सांगितलं असेल. आज त्याने स्वतः पाहिलं.

ओल्वेराच्या प्रशिक्षक मा जिन या स्वतः चिनी आहेत. मेक्सिकोच्या डायव्हरांना त्यांनी वर्षानुवर्षं घडवलं. चीनला गाठायचं तर चीनचीच पद्धत शिकावी लागते, हे मेक्सिकोने मान्य केलं. त्याचं फळ समोर दिसत होतं.

दुपारी सँ-दनीचं बॅसिलिका, म्हणजे तिथलं जुनं मोठं चर्च, पाहिलं. फ्रान्सचे राजे-राण्या इथे पुरलेले, पाषाणाच्या मूर्ती ओळीने झोपलेल्या. रंगीत काचांतून येणारा उजेड सुरेख. बाहेर चौकात अरब विक्रेत्यांचा बाजार भरलेला. तिथे पीच घेतले.

रात्री स्टाद द फ्रान्समध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी होती आणि तीत बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे. या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोचलेला पहिला भारतीय पुरुष. स्टेडियमचं तिकीट आम्हाला परवडलं नव्हतं. खोलीवर फोन भिंतीला टेकवून पाहिलं. साबळे सुरुवातीला पुढे पळाला तेव्हा भाचा गादीवर उभा राहिला होता. अकरावा आला, ८ मिनिटं १४.१८ सेकंद. दुष्काळी आष्टी तालुक्यातला मुलगा पाण्याच्या खड्ड्यावरून उड्या मारत जगातल्या अकरा जणांत आला, याचा अभिमान बाळगायला पदक कशाला हवं. आणि अवघ्या आठवड्यापूर्वी, १ ऑगस्टला, कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य आणलं होतंच. ला शापेलच्या तमिळ मालकालाही ते नाव पाठ झालं होतं.

८ ऑगस्ट, गुरुवार

अंतिम फेरी दुपारी तीनला. त्याच वेळी कोलोंबला हॉकीचा कांस्यपदकाचा सामना सुरू होता, भारत आणि स्पेन. भाच्याला मी म्हटलं, "फोन बंद." त्याने ऐकलं नाही, फक्त आवाज बंद केला.

बारा जण. पहिली फेरी संपल्यावरच सभागृहाला अंदाज आला की सुवर्णासाठी स्पर्धा दोघांतच आहे आणि कांस्यासाठी ओल्वेराला बाकीच्यांनी गाठणं अवघड आहे. तरीही एकही उडी फुकटची वाटली नाही. उलट आकड्यांची चिंता सरल्यामुळे मी फक्त बघू शकलो.

शिएचं पाण्यात शिरणं कसं सांगू? हात सपाट, एकावर एक, तळवे पाण्याकडे. तळवे पाण्याला फाडतात आणि पाण्यात जी पोकळी होते, तिच्यातून बाकीचं सगळं अंग जातं. कापड टरकावल्यासारखा आवाज येतो आणि वर फक्त थोडा फेस उरतो. पण मला आवडलं ते त्याच्याही आधीचं. वर, सगळ्यांत उंच जागी, जिथे माणूस ना चढत असतो ना पडत असतो, तिथे त्याने फिरणं सुरू करायची घाई कधीच केली नाही. फळीची वाट पाहतो, मग उंचीची वाट पाहतो, आणि उरलेल्या वेळात सगळं करतो. वांग याहून वेगवान फिरतो. त्याच्या कोलांट्या इतक्या घट्ट की हात आणि पाय वेगळे दिसत नाहीत. दोघांपैकी कुणाची उडी जास्त सुंदर यावर आमच्यात एकमत झालं नाही आणि व्हायची गरजही नाही. भाचा वांगच्या बाजूने होता.

चौथ्या फेरीच्या आसपास रांगेतल्या दोन-तीन भारतीयांनी एकमेकांकडे बघून मुठी आवळल्या. हॉकीत भारत २-१ ने जिंकला होता. श्रीजेशचा शेवटचा सामना. आवाज न करता आनंद साजरा करणं किती कठीण! समोर फळीवर माणूस उभा होता ना.

शेवटी फलकावर: शिए सीयी ५४३.६०, वांग झोंगयुआन ५३०.२०, ओस्मार ओल्वेरा ५००.४०. चौथा अमेरिकेचा कार्सन टायलर ४२९.२५. ब्रिटनचा जॉर्डन होल्डन पाचवा, लॉअर सातवा.

भाच्याने लगेच भागाकार केला. शिएची सरासरी प्रत्येक उडीला ९०.६०. ओल्वेराची ८३.४०. टायलरची साधारण साडेएकाहत्तर. तिसऱ्या आणि चौथ्यामध्ये ७१.१५ गुणांची दरी, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण उडी. ओल्वेराने पाच उड्या मारून सहावी सोडली असती तरी तो चौथ्याच्या जवळपास राहिला असता. एका ऑलिंपिक अंतिम फेरीत तिघं एका खेळात आणि नऊ जण दुसऱ्याच खेळात असल्यासारखं ते दिसतं. लॉअरसारखा माणूस सातवा येतो, कारण त्याच्या उड्या एवढ्या अवघड की दोन बिघडल्या तरी सगळं कोसळतं. त्याने सोप्या उड्या निवडल्या असत्या तर कदाचित वर असता. पण पदकासाठी लागणारे गुण सोप्या उड्यांत नाहीतच. त्याने पदकासाठी उडी मारली, आणि मला ते पटलं.

सलग दुसरं तीन मीटरचं सुवर्ण घेऊन शिए लुगानिस आणि चीनचाच श्याँग नी यांच्या पंगतीत बसला. पण माझे डोळे वांगवर होते. तीन वर्षं जगज्जेता, आणि दोन्ही ऑलिंपिकमध्ये एकाच माणसामागे दुसरा, तेही त्याच्याच जुन्या जोडीदारामागे. मंचावर त्याने शिएला मिठी मारली. मग तिघांनी मंचावर फोन हातात घेऊन सेल्फी काढला, या ऑलिंपिकची ती पद्धतच होती. वांग हसत होता. पदकाच्या मधे आयफेल मनोऱ्यातल्या जुन्या लोखंडाचा षट्कोनी तुकडा बसवलाय. रौप्यातला तुकडा सुवर्णातल्याएवढाच असतो, हे भाच्याने मला मुद्दाम सांगितलं.

बाहेर पडलो तर पूल भालाफेकीच्या गर्दीने भरलेला. तिरंगे, पाकिस्तानचे झेंडे, ढोल. आम्ही उलट्या दिशेने वाट काढत स्टेशन गाठलं. रात्री ला शापेलच्या हॉटेलात उभ्यानेच पाहिलं: अर्शद नदीमचे ९२.९७, नीरजचे ८९.४५ आणि रौप्य.

९ ऑगस्ट, शुक्रवार

विमानतळाच्या गाडीत भाचा वहीत लिहीत होता. मी विचारलं नाही, त्यानेच दाखवलं. प्रत्येक मोठ्या खेळाडूने कुठल्या गटाच्या उडीला चाक पुढे घेतलं आणि कुठल्या उडीला मागे, त्याचा तक्ता. तिन्ही दिवस तो हे टिपत होता आणि मला पत्ता नव्हता.

मग बोलणं आपल्याकडे वळलं. दिल्लीत १९५१ साली पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या तेव्हा के. पी. ठक्कर यांनी स्प्रिंगबोर्ड आणि प्लॅटफॉर्म दोन्हीची सुवर्णं भारताला मिळवून दिली होती. आज हे कुणाला सांगितलं तर विश्वास बसत नाही. अलीकडे, २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत नाशिकचा सिद्धार्थ परदेशी उतरला. चिन्यांच्या मैदानात. म्हणजे माणसं आहेत. नसतात त्या बाकीच्या गोष्टी. कोलांटी आधी पट्ट्यात बांधून ट्रॅम्पोलिनवर शिकतात, मग फोमच्या खड्ड्यात, मग पाण्यात. ज्याला ही पायरी मिळत नाही तो प्रत्येक नवी उडी थेट पाण्यावर शिकतो आणि पाठीवर, पोटावर आपटून शिकतो. त्यातून धीट मुलं टिकतात, पण धीट असून हुशारही असलेली बरीचशी सोडून जातात. मीही त्याच वयात सोडलं होतं. मला यात खंत आहे आणि ती लपवायची नाही. महाराष्ट्रात डायव्हिंगचे तलाव मोजके आहेत, शिकवणारे त्याहून मोजके, आणि तरीही ही मुलं रोज जातात.

"पट्टा आणि ट्रॅम्पोलिन महाग असतं का रे?" मी विचारलं.

"माहीत नाही. पण चाक महाग नसेल, मामा. नुसतं गंज काढून तेल घालून बघायला हवं."

विमानात बसेपर्यंत आमचं ठरलं. सोमवारी तो सरांना विचारेल, ते हो म्हणाले तर रविवारी मी, तो आणि आमच्या ओळखीचा एक फिटर, तिघं तलावावर जाऊ. टेकूची रुळं, चाकाचे दाते, खालची रबरं बदलायची का ते बघू. फळीच्या टोकावरचा घसरू नये म्हणून असलेला खरखरीत थर गेलाय, तोही नवा मारायला लागेल. भाच्याने वहीच्या शेवटच्या पानावर सामानाची यादी सुरू केली आणि ग्रीस कुठलं घ्यायचं, यावर आम्ही दोघं बराच वेळ वाद घालत बसलो.